वाचून दाखवायला कोण

राजाजीनगर, बंगलोर
१९ जुलै १९९८

ती. सौ. ताईस,
श्यामलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं आणि भावजींचं मंगळवारी. दोघांनी एकमेकांपासून लपवून लिहिलेली दिसतात, कारण दोन्हींत मजकूर एकच: पोराचं तिथे कसं होणार. म्हणून दोघांना मिळून एकच उत्तर देते. तुझ्या शंतनूचं इथे छान चाललं आहे. पहिला आठवडा हे त्याला स्कूटरवरून जयनगरला कॉलेजात सोडत होते. मग एक दिवस त्याने जाहीर केलं की उद्यापासून मी बसने जाणार. मी कासावीस. पण पांढरी काठी घेऊन, मॅजेस्टिकला बस बदलून गेला आणि आलाही. येताना कंडक्टरकडून 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे दोन शब्द शिकून आला. आता घरात जेवायला वाढलं तरी सरी, झोप म्हटलं तरी सरी. मला मावशी सोडून अक्का म्हणायला लागलाय आणि त्याला आमच्या ह्यांची फूस आहे.

कायद्याची एवढाली पुस्तकं त्याला वाचून कोण दाखवणार, असं तू विचारलंस. अगं, त्यासाठीच तर हे कॉलेज निवडलं ना! इथे विद्यार्थ्यांनीच चालवलेलं वाचक मंडळ आहे. आवारातल्या सगळ्या विभागांची मुलं त्यात आहेत. ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक फळा लावलाय, त्यावर कुणी कुणाला कधी वाचून दाखवायचं ते खडूने लिहिलेलं असतं. मंडळाचा सचिव नंदकिशोर म्हणून नागपूरचा मुलगा आहे, कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा. धिप्पाड, आणि आवाज असा की आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. एखादा वाचक आला नाही की हा हॉस्टेलवर जाऊन त्याचं पांघरूण ओढतो आणि दंडाला धरून ग्रंथालयात आणून बसवतो म्हणे. परवा शंतनूचा वाचक पेस्ट लावलेलं तोंड न धुताच आला होता. सगळा धडा टूथपेस्टच्या वासात ऐकला, असं शंतनु सांगत होता.

तेव्हा तू निर्धास्त राहा. भावजींनाही सांग. माझ्यावरची माया पोराच्या वाट्याला गेली तरी थोडी मागे ठेव.

तुझी,
श्यामला

॰ ॰ ॰

बंगलोर
२७ सप्टेंबर १९९८

ती. सौ. आईस,
शंतनूचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी सांगतोय आणि स्वानंदी लिहितेय. स्वानंदी म्हणजे आमच्या मंडळातली वाचक. पुण्याची आहे, इथे कॉम्प्युटरचं शिकते. तेव्हा अक्षर आवडलं तर श्रेय तिचं आणि मजकूर आवडला तर माझं. (मजकूरही मीच सुधारून घेते आहे, काकू. - लेखनिक)

आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी ती मला करारांचा कायदा वाचून दाखवते. तिला त्यातलं काही कळत नाही, पण कळत नाही हे ती इतक्या मोठ्यांदा सांगते की मला समजावून द्यावं लागतं, आणि समजावताना माझंच पाठ होतं. परवा प्रस्ताव आणि स्वीकृती हे प्रकरण चालू होतं. प्रस्ताव समोरच्याला कळल्याशिवाय पुरा होत नाही, असं कायदा म्हणतो. यावर ती इतकी हसली की ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं. उरलेलं प्रकरण आम्ही पायऱ्यांवर बसून वाचलं. (हसण्यासारखंच होतं. वाक्य अर्ध्या पानाचं होतं. - लेखनिक)

तिचा वाचण्याचा वेग चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत, फक्त पान उलटताना ती अंगठा ओला करते आणि मग पुस्तकाच्या धुळीला नावं ठेवते. (हे मी लिहिणार नव्हते. - लेखनिक)

मावशी आणि काका मजेत. काकांच्या कारखान्यात पुन्हा ओव्हरटाइम बंद झालाय, त्यामुळे ते घरी लवकर येतात आणि मावशीला स्वयंपाकात सल्ले देतात. अमितला सांग, भावाची सायकल विकू नकोस म्हणावं. चालवता येत नसली तरी ती माझी आहे.

बाबांना नमस्कार. तुम्हा सगळ्यांची आठवण इथे रोज निघते, तिकडेही निघत असू द्या.

तुझा,
शंतनु
(आणि लेखनिकाचाही नमस्कार!)

॰ ॰ ॰

मिरज
११ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. श्यामलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शंतनूचं पत्र आलं. ह्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि कंसातला मजकूर आला की दोन्ही वेळा हसले. आठव्या वर्षी त्याचे डोळे गेले त्यानंतर त्याच्या कुठल्या गोष्टीवरून आमच्या घरात कुणी हसलं असेल असं मला आठवत नाही. मी हसले नाही असं नाही. पण मी ते पत्र पुन्हा काढून बघते तेव्हा मला वाटतं, एवढं आनंदाचं पत्र आहे आणि त्यात माझ्या मुलाचं एकही अक्षर नाही.

ती मुलगी कोण, कुठली, तिच्या घरी कोण असतं, हे तुझ्या पुढच्या पत्रात लिही. माझ्या मनात तसं काही नाही. तुझ्या मनात काही येत असेल तर तेही आणू नकोस. मुलगा हुशार आहे, बोलका आहे, पण मी त्याची आई आहे आणि लोक काय बघतात ते मला माहीत आहे.

तुला आठवत असेल, सातवीपर्यंत त्याचा सगळा अभ्यास मीच वाचून घेतला. मग इंग्रजी वाढलं आणि मी मागे पडले. मला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. एकदा मी अर्धा तास त्याला काहीतरी भलतंच वाचून दाखवलं आणि त्याने मला वाईट वाटू नये म्हणून ते निमूट ऐकून घेतलं. ते निमूट ऐकून घेणं तुझ्याकडे दिसलं तर मला कळव. त्याचं काही बिनसलं की तो भांडत नाही, सगळं ठीक आहे म्हणतो.

दिवाळीला चिवडा पाठवते. पद्माकररावांना नमस्कार. मी काळजीखोर आहे म्हणून कंटाळू नकोस.

तुझी,
प्रतिमाताई

॰ ॰ ॰

राजाजीनगर, बंगलोर
३१ जानेवारी १९९९

ती. सौ. ताईस,
श्या. चा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला उशीर झाला, कारण इथे सगळंच बदललं. नंदकिशोरच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो डिसेंबरात नागपूरला निघून गेला. आता परीक्षेपुरताच येईल. मंडळाची सचिव तुझी ती लेखनिक झाली. स्वानंदीचे वडील पुण्यात बँकेत आहेत, आई शाळेत. मुलगी गुणी आहे, आमच्याकडे जेवायला आली तर ताट उचलते. शंतनु समोर बसलेला असला की ताटात कुठे काय वाढलंय ते त्याला न विचारता सांगते. एवढंच मी लिहिते, पुढचं तू म्हणालीस म्हणून मनात आणत नाही.

तिने मंडळाचा कारभार कॉम्प्युटरवर नेलाय. जुन्या एका विद्यार्थ्याने मंडळाला कॉम्प्युटर भेट दिला. आता जिन्याखालचा फळा काढून टाकलाय. शंतनूला कुठला धडा वाचून हवाय ते स्वानंदी कॉम्प्युटरवर टाइप करते आणि ते पत्र एका क्षणात मंडळाच्या सगळ्या सभासदांना जातं. ई-मेल म्हणतात. ज्याला जमेल त्याने उलट उत्तर द्यायचं. सभाही तशाच. कुणी एका खोलीत जमत नाही, ठराव मेलवर, चर्चा मेलवर, भांडणंही मेलवर. पूर्वी मंडळात तीसेक मुलं होती, आता तीनशेच्या घरात गेली आहेत म्हणे. त्यात इथून शिकून अमेरिकेला गेलेलेही आहेत. ह्यांनी विचारलं की अमेरिकेतून तो शंतनूला कसा वाचून दाखवणार. तर स्वानंदी म्हणाली की काका, तो पाठिंबा देतो.

ताई, पाठिंबा पुष्कळ आहे. पण गेल्या पंधरवड्यात शंतनूकडे वाचायला फारसं कुणी आलं नाही. उत्तरं येतात, या आठवड्यात जरा अडचण आहे, पुढच्या आठवड्यात नक्की. स्वानंदी स्वतः यायची, तर तिचा सगळा वेळ आता त्या मेलना उत्तरं देण्यात जातो. मी शंतनूजवळ कुरकुर केली तर त्याने माझीच समजूत घातली. नवी व्यवस्था बसायला वेळ लागतो म्हणाला. स्वानंदी परदेशातून एक सॉफ्टवेअर मिळवणार आहे, त्याने कॉम्प्युटर स्वतःच वाचून दाखवतो, मग कुणाची वाट बघायला नको, असं फार कौतुकाने सांगत होता.

कौतुक खरं होतं. म्हणून मी गप्प बसले. तू रागावू नकोस, पूर्वीसारखीच राहा.

तुझी,
श्यामला

॰ ॰ ॰

राजाजीनगर, बंगलोर
१४ मार्च १९९९

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मावशीच्या हातचं आहे. मी खुशाल आहे. अभ्यास ठीक चालू आहे. वाचनाची व्यवस्था होते. स्वानंदीच्या नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, व्हाइटफील्डला नवीन कंपन्या आल्या आहेत तिथे. ती कामात असते. परीक्षा मे महिन्यात आहे. उन्हाळा वाढला आहे. बाबांना व अमितला सांगावे. काळजी करू नये, ही विनंती.

तुझा,
शंतनु

ता. क. - ताई, तो हात धुवायला गेलाय तेवढ्यात लिहिते. व्यवस्था काही होत नाही. तो रोज ग्रंथालयात जाऊन ठरलेल्या बाकावर बसतो आणि बंद होण्याच्या वेळी उठून घरी येतो. विचारलं तर म्हणतो, आज ब्रेलमधल्या जुन्या टिपणांची उजळणी केली. त्याच त्याच टिपणांची किती उजळणी करणार? संध्याकाळी हे वाचून दाखवायला बसतात, पण दिवसभर मशीनवर उभे राहून आलेला माणूस, दुसऱ्या पानाला डोळे मिटतात. शंतनु त्यांना उठवत नाही. पुस्तक हातातून पडू नये म्हणून हळूच काढून घेतो. तू विचारलं होतंस ना, निमूट ऐकून घेतो का म्हणून. आला तो, थांबते.

॰ ॰ ॰

राजाजीनगर, बंगलोर
२३ मे १९९९

ती. सौ. ताईस,
श्यामलाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर मला नीट सांगता आलं नाही आणि तुलाही विचारता आलं नाही. मागे कुणीतरी रडतंय एवढंच मला कळत होतं, ते भावजी होते हे नंतर लक्षात आलं. आता झालं ते सगळं लिहिते.

परीक्षेत शंतनु उत्तरं सांगतो आणि दुसरं कुणी लिहितं, हे तुला माहीत आहे. लेखनिकाचं नाव आधी परीक्षा कार्यालयात द्यावं लागतं. तो कायदा शिकणारा नसावा, नात्यातला नसावा, असे नियम आहेत. मंडळाने ध्रुव नावाच्या मुलाचं नाव दिलं होतं, कॉम्प्युटर शिकतो तो. आधीच्या सगळ्या पेपरांना तो वेळेवर आला. शेवटचा पेपर करारांच्या कायद्याचा होता. शंतनूला सगळ्यात पक्का होता तो हाच. शेवटचा दिवस म्हणून मी आणि हेही गेलो होतो. पेपरानंतर तिघांनी बाहेर डोसा खायचं ठरलं होतं.

घंटा झाली तरी ध्रुव आला नाही. नंतर कळलं ते असं. त्याला आदल्या दिवशी कावीळ निघाली. त्याने अंथरुणातून भावाला पाठवून मंडळाला मेल केला, मला जमणार नाही, कुणीतरी जा, आणि दुसरं नाव तातडीने कार्यालयात द्या. मेल सगळ्यांना पोचला. बऱ्याच जणांनी उत्तरही दिलं की दुसरं कुणी नसेल तर मी जाईन. प्रत्येकाने दुसऱ्यांची उत्तरं वाचली आणि सोय झाली असं समजून कॉम्प्युटर बंद केला. स्वानंदी त्या दिवशी व्हाइटफील्डला नोकरीच्या प्रशिक्षणाला होती. तिने मेल पाहिला तेव्हा पेपर संपला होता.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. व्हरांड्यात शंतनूला ओळखणारी कितीतरी मुलं उभी होती, पण सगळी कायद्याची, आणि त्यांचाच पेपर. एक मुलगी म्हणाली की मी माझा पेपर सोडून त्याचा लिहिते, तर तेही नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं मी लिहिते. नात्यातली म्हणून चालेना. बाकीच्या विभागांना सुट्टी लागलेली, आवारात दुसरं कुणी नाही. हे हॉस्टेलवर धावत जाऊन आले, खोल्यांना कुलपं होती.

परीक्षेचे प्रमुख भीमाचार्य म्हणून वयस्क प्राध्यापक होते. त्यांना वाईट म्हणवत नाही. त्यांनी विद्यापीठात फोन लावला, लागला तेव्हा पलीकडून उत्तर आलं की कागदावर ज्याचं नाव आहे तोच लिहील. फोन ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, एन् माडोदु अम्मा. काय करायचं, असं. ते मलाच विचारत होते.

मग त्यांनी शंतनूजवळ बसून त्याला सगळी प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. निदान काय विचारलंय ते त्याला कळावं म्हणून. शंतनूने त्यांचे आभार मानले आणि विचारलं की मी वेळ संपेपर्यंत इथे बसू का. ते सरी म्हणाले. ताई, तो बसला. रिकाम्या बाकावर दोन्ही हात ठेवून ताठ बसला. मी खिडकीतून बघत होते. त्याचे ओठ हलत होते. थोडा वेळ हलायचे, मग थांबायचा, मान खाली घालून विचार करायचा, मग पुन्हा. तो एकेका प्रश्नाचं उत्तर सांगत होता. भीमाचार्य सर त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्याने ह्यांना सांगितलं की सगळे प्रश्न येत होते. आणि डोसा खायला चला म्हणाला. त्याने खाल्ला. ह्यांनी नुसता मोडून ठेवला.

हे नंतर चार दिवस धुमसत होते. कुणाला तरी जाब विचारायचा म्हणून ध्रुवच्या घरी गेले. तो पोरगा पिवळाधमक पडलेला, ह्यांना बघून रडायलाच लागला. त्याची आई ह्यांना ताक घेऊन आली. हे ताक पिऊन परत आले. म्हणाले, श्यामला, तीनशे मुलं आहेत आणि ओरडावं असा एकही हाती लागत नाही.

आता मंडळातल्या मुलांचे दिलगिरीचे मेल आलेत, फार सुंदर लिहिलेत म्हणे. स्वानंदीने त्यांचा छापील गठ्ठा आणून दिला आणि न बसताच गेली. शंतनूने मला ते वाचून दाखवायला सांगितले. माझ्या फुटक्या इंग्रजीत मी सगळे वाचले. पेपर आता ऑक्टोबरात पुन्हा द्यायचा. त्याला मिरजेला पाठवू का? तू सांगशील तसं. मला काही सुचत नाही.

तुझी,
श्यामला

॰ ॰ ॰

मिरज
६ जून १९९९

चि. सौ. श्यामलास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं. ह्यांना पेपर राहिला एवढंच माहीत आहे, त्याचे ओठ हलत होते ते मी सांगितलं नाही.

त्याला इकडे पाठव असं लिहायला मी दोनदा बसले. पण इथे त्याला वाचून दाखवायला कोण आहे? मी आहे, आणि मला अर्थ लागत नाही. अमित त्याच्या कामात. तिथे तीनशेजण येत नाहीत आणि इथे एक मी येऊन उपयोग नाही. तेव्हा त्याला तिथेच राहू दे. हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे.

ह्यांनी देवघरात बसणं सोडलं आहे. भांडण काही नाही, नुसतं सोडलं. नोकरीवर जातात, येतात, अंगणात त्याच्या सायकलला तेल देतात.

स्वानंदीला बोल लावू नकोस. त्या पोरीने चांगलंच करायचं म्हणून केलं. नंदकिशोर दंडाला धरून आणायचा, तिला वाटलं कुणाच्या दंडाला धरायची वेळ येऊ नये. तिचं काय चुकलं ते मला दाखवता येणार नाही. तेच जास्त जाचतं. शंतनु तिच्याविषयी काय बोलतो ते लिही. काही बोलत नसेल तर तेही लिही.

पद्माकररावांची प्रकृती सांभाळ. तुम्ही दोघांनी केलंत ते मी विसरणार नाही, पण आत्ता माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नकोस.

तुझी,
ताई

॰ ॰ ॰

व्हाइटफील्ड, बंगलोर
२२ ऑगस्ट १९९९

ती. सौ. काकूंना,
स्वानंदीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला कधी पाहिलं नाहीत, फक्त माझं अक्षर ओळखता. पुढच्या आठवड्यात मी कंपनीतर्फे अमेरिकेला जातेय. दोन हजार साल लागलं की जुने कॉम्प्युटर तारखा चुकवतील म्हणून सगळीकडे दुरुस्त्या चालल्यात, ते काम आहे. जायच्या आधी तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. ऑफिसची गाडी यायला वेळ आहे, तेवढ्यात लिहिते.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाला बक्षीस मिळालं. सगळ्या कॉलेजांमधून उत्तम चालवलेली विद्यार्थी संघटना म्हणून. एवढे सभासद, एवढी आधुनिक पद्धत दुसऱ्या कुणाची नव्हती. ढाल घ्यायला शंतनूला बोलवावं असं मेलवर ठरलं. मी विरोध केला तर माझं एक मत, बाकीची ढीगभर. शेवटी मीच त्याला विचारायला गेले. तो हो म्हणाला. स्टेजवर त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि एक विनोद केला, लोक खूप हसले. मी पहिल्या रांगेत होते. मला उठून जाताही येईना.

काकू, तो माझ्याशी अगदी पूर्वीसारखा बोलतो. त्याने एकदा तरी भांडायला हवं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाला की मी तुझ्यावर रागवू शकत नाही, त्याला माझा इलाज नाही. एवढं बोलून त्याने विषय बदलला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला बहुतेक कळलं. मीही त्या दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले, कारण त्याला हवं होतं ते माझ्या मनात नव्हतं. हे तुम्हाला का लिहितेय ते माहीत नाही. दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही म्हणून असेल.

बोलणारं सॉफ्टवेअर शेवटी आलं. मंडळाच्या कॉम्प्युटरवर मी ते बसवून दिलंय आणि त्याला शिकवलंय. तो माझ्यापेक्षा लवकर शिकला.

तुमचा राग असेल तर असू द्या, पण मला परकी समजू नका.

आपली,
स्वानंदी

॰ ॰ ॰

आई,
नमस्कार.

आज १४ नोव्हेंबर. हा कागद तुला विचित्र वाटेल, कडेला भोकं आहेत, ती फाडून टाक. अक्षरं इंग्रजी आहेत पण भाषा आपली आहे. तुला अक्षरं लागतात. सावकाश वाच. मीही सावकाशच लिहितोय. मी एक अक्षर दाबलं की मशीन ते उच्चारतं, मग मी पुढचं दाबतो. मराठी त्याला येत नाही. सबंध शब्द वाचायला सांगितला तर 'आई'चं भलतंच काहीतरी करतं. पाकिटावरचा पत्ताही मीच छापला आणि पोस्टातही मीच टाकणार आहे.

आजपर्यंत तुला गेलेलं माझं प्रत्येक पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेलं. हे पहिलंच माझं एकट्याचं.

ऑक्टोबरचा पेपर झाला. काकांनी स्वतः हॉस्टेलवर जाऊन एक मुलगा आणला आणि तो लिहून होईपर्यंत दाराशी बसून राहिले. पास होईन. वकील होईन. त्याची चिंता सोड.

स्वानंदीचे मेल येतात. मराठीतच लिहिते, असंच इंग्रजी अक्षरांत. मशीन ते वाचतं. एका अमेरिकन माणसाचा आवाज आहे त्यात. तो तिचं नावही धड उच्चारत नाही. मग मी एकेक अक्षर ऐकत तिचं पत्र जुळवतो. एका पत्राला अर्धी दुपार जाते. जुळलं की कळतं, थंडी आहे, काम आहे, डाळ मिळते, तू कसा आहेस. ती तिथे कुणाबरोबर तरी राहायचं ठरवतेय, लग्न करतील. मला सगळ्यात आधी सांगितलं म्हणून लिहिलंय. मी अभिनंदन कळवलं.

आई, मला ती हवी होती. पुस्तक वाचायला नव्हे. हे मी कुणाला सांगू शकलो नाही, कारण सांगायला लेखनिक लागायचा आणि लेखनिक तीच होती. नंतर मावशी होती. आता कुणी लागत नाही, तर सांगून उपयोग नाही. तरी तुला सांगतोय. कुणाला तरी माहीत असावं.

याचं उत्तर लिहू नकोस. तू लिहिशील ते मावशी वाचून दाखवेल. फोनही त्यांच्या हॉलमध्ये आहे. तू वाचलंस एवढं मला पुरे.

शंतनु

॰ ॰ ॰

मिरज
२८ नोव्हेंबर १९९९

चि. शंतनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भोकांच्या पट्ट्या फाडून टाकल्या. वाचायला मला दोन दिवस लागले, पण लागलं सगळं. पेपर चांगला गेला हे ऐकून ह्यांना फार बरं वाटलं. तेवढंच त्यांना वाचून दाखवलं.

इकडे थंडी सुरू झाली आहे. अमितला बढती मिळाली. शेजारच्या गोदूबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा सांगलीचा. आवळे स्वस्त झाले म्हणून मोरावळा घातला आहे, श्यामलाला अर्धा आणि तुला अर्धा, पद्माकररावांना गोड सोसत नाही, त्यांनी दोन्हींतला खाऊ नये. तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. रंग कोणता घ्यावा ते ठरेना, तेव्हा लोकर मऊ बघून घेतली.

जेवण वेळेवर कर. बसमध्ये चढताना घाई करू नकोस. अंगावर दुखणं काढू नकोस.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं. ते लिहीत नाही. अमितचा टेप मागून घेऊन तुझ्याशी बोलावं म्हणून परवा दुपारी दार लावून बसले होते. बटण दाबलं आणि मला एक शब्द फुटेना. पुन्हा पुन्हा वाटलं आता बोलेन, आता बोलेन, आणि कॅसेटची बाजू संपली. पुसून टाकणार होते, पण तशीच पाठवते आहे. तीत पंख्याचा आवाज आहे, मध्ये शेजारच्यांचा कुकर आहे, एकदा फेरीवाला ओरडून गेला आहे. बाकी मी बसले आहे.

श्यामला, हे वाचून झालं की पार्सलमधली कॅसेट काढून त्याच्या हातात दे, आणि त्याला ती खोलीत एकट्याला ऐकू दे. काय आहे म्हणून विचारू नकोस.

तुझी,
आई